पाण्याचे माप

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांना समुद्रकिनारा नाही. माळशेजचे कडे, माहुलीचे सुळके, सागाची जंगले, भाताची खाचरे आणि चैत्र-वैशाखात तळ दाखवणाऱ्या विहिरी हे येथले चित्र. अशा मुलखात राहून शिडाच्या नौकेवर संसार थाटणाऱ्या माणसांविषयी लिहावे, हे कोणाला विसंगत वाटेल. परंतु एका प्रश्नाने आम्हांला बरेच दिवस घेरले आहे, आणि त्याचा विचार करताना डोंगरापेक्षा समुद्राचाच आधार आम्हांला अधिक झाला. प्रश्न असा : थोडक्यात भागवणे हा सद्गुण केव्हा ठरतो, आणि तोच अन्याय केव्हा असतो?

तसे पाहिले तर समुद्र आपल्यापासून फार दूर नाही. सातवाहनांच्या काळी कल्याण आणि सोपारा या बंदरांत शिडाच्या गलबतांतून उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून मुरबाडच्या वाटेने नाणेघाट चढत असे व जुन्नरला पोहोचत असे. घाटमाथ्यावरचा जकातीचा दगडी रांजण आजही उभा आहे, आणि वाटसरूंसाठी कातळात खोदलेली पाण्याची टाकीही आहेत. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ख्रिस्ती प्रवाशाने ‘कॅलिआना’ या बंदरात पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याची नोंद करून ठेवली आहे. हे ठिकाण म्हणजे आपले कल्याणच, असे अनेक अभ्यासक मानतात. ते खरे असेल, तर या परिसरात आपली श्रद्धाही प्रथम शिडावरूनच आली. पुढे १५४१ साली लिस्बनहून निघालेले संत फ्रान्सिस झेवियर तेरा महिन्यांनी, ६ मे १५४२ रोजी, गोव्यास उतरले. ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली त्याच वाटेने आले. गोव्याहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्या सफरीचे आणि हिरड्या सुजून आजारी पडलेल्या प्रवाशांचे वर्णन केले आहे. त्या काळी समुद्रावरचे उणेपण कोणी हौसेने पत्करीत नसे. पलीकडच्या किनाऱ्यावर काही कार्य होते म्हणून ते सोसले जाई.

आज मात्र जगात अशी कुटुंबे आहेत, की जी घर विकून किंवा भाड्याने देऊन दहा ते चौदा मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेवर राहावयास जातात. वर्षानुवर्षे तोच त्यांचा पत्ता असतो. वादळांचा ऋतू टाळून, अनुकूल वाऱ्याचे महिने पाहून ती एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जातात. नौकेचा अंतर्भाग आपल्याकडच्या दोन खोल्यांच्या घराहून लहान असतो. स्वयंपाकाची शेगडी झुलती बसवलेली असते, म्हणजे नौका कलंडली तरी भांडे सरळ राहते. झोपण्याच्या फळीला कापडाचा आडोसा बांधलेला असतो, नाहीतर झोपलेला माणूस खाली यावयाचा. कपाटाची दारे कडी लावूनच बंद करावी लागतात. प्रत्येक वस्तूला तिची जागा असते, आणि जिला जागा नाही ती वस्तू नौकेवर येत नाही. रात्री पाळ्या लावून जागावे लागते. वारा वाढू लागला की वेळीच शीड आखडते घ्यावे लागते. वाऱ्याशी भांडून चालत नाही आणि त्याच्या स्वाधीन होऊनही चालत नाही.

आपल्या देशातही ही विद्या नव्याने रुजली. सातारा जिल्ह्यात फलटणजवळ विंचुर्णी येथे निवृत्त जीवन जगणारे व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी भारतीय माणसाने शिडावर एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, असा ध्यास घेतला. त्यासाठी गोव्यात दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत, ५६ फुटांची ‘म्हादेई’ बांधली गेली. मांडवी नदीतल्या या बेटावरील पिएदादच्या करुणामातेचे देवालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि चार बंदरे घेऊन १९ मे २०१० रोजी परतले. त्यानंतर अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात, कोठेही न थांबता, तीच प्रदक्षिणा पूर्ण केली. ‘तारिणी’ ही तशीच दुसरी नौका. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ असे सव्वाआठ महिने तिच्यावरून जग फिरून आल्या. पुढे ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच ती नौका पृथ्वीभोवती नेली.

या सर्वांच्या जीवनात एक गोष्ट समान आहे. ती म्हणजे पिण्याच्या पाण्याची टाकी. सभोवार क्षितिजापर्यंत पाणी, आणि पिण्याजोगे तेवढे पायांखालच्या टाकीत. मध्यम आकाराच्या नौकेवर ही टाकी काही शे लिटरांची असते. खाऱ्या पाण्याचे गोडे करणारे यंत्र असले, तरी ते बिघडते, आणि समुद्रावर दुरुस्तीला माणूस बोलावता येत नाही. म्हणून शहाणा दर्यावर्दी यंत्र चालू असतानाही टाकीचाच हिशेब धरून चालतो. भांडी समुद्राच्या पाण्यात घासली जातात, अंग खाऱ्या पाण्याने धुऊन अखेरीस तांब्याभर गोडे पाणी घेतले जाते, आणि पाऊस आला की शिडाच्या घडीतून ओघळणारे पाणी बादलीत धरले जाते. अभिलाष टॉमी यांच्या पिण्याच्या पाण्यात परतीच्या टप्प्यावर डिझेल मिसळले, तेव्हा त्यांना पावसावरच भिस्त ठेवावी लागली. १९६८-६९ साली जगाला एकट्याने, न थांबता पहिली प्रदक्षिणा घालणारे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्यावरही तोच प्रसंग आला होता. त्यांची ‘सुहैली’ ही ३२ फुटांची सागवानी नौका मुंबईत, आपल्याच सुतारांच्या हातून बांधली गेली होती, हे येथे सांगण्याजोगे आहे.

थोडा हिशेब मांडून पाहू. आपल्या देशात शहरांतील नळयोजनांसाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी हे माप धरले जाते. चारशे लिटरांची टाकी या मापाने चौघांच्या कुटुंबाला एक दिवसही पुरणार नाही. समुद्रावरचे चौघे पिण्यास व रांधण्यास माणशी चार लिटर घेऊन त्याच टाकीवर पंचवीस दिवस काढतात. ही माणसे आजारी पडत नाहीत आणि दुःखीही दिसत नाहीत. उलट, आपल्याला किती थोडे पुरते हे कळल्याचा त्यांना आनंदच होतो, असे त्यांच्यापैकी अनेकांनी लिहून ठेवले आहे.

येथवर वाचल्यावर धर्मगुरूला प्रवचनाचा विषय सापडला, असे वाचकांस वाटेल. अरण्यातील इस्राएली लोकांना मिळालेला मान्ना हाच धडा शिकवतो. ज्याने पुष्कळ गोळा केला त्याचे काही उरले नाही, ज्याने थोडा गोळा केला त्याला काही उणे पडले नाही, आणि ज्याने उद्यासाठी साठवला त्याच्या मान्न्यात किडे पडले. तेव्हा थोडक्यात भागवा, गरजा कमी करा, सुखी व्हा, असे सांगून आम्ही थांबू शकलो असतो. आम्ही थांबलो नाही, याचे कारण आपल्या पाड्यांवर आहे.

मुंबईला पाणी पुरवणारे तानसा धरण १८९२ साली शहापूर तालुक्यात बांधले गेले. त्याच तालुक्यातील भातसा धरण आज मुंबईला मिळणाऱ्या पाण्याचा निम्म्याच्या आसपास वाटा उचलते. मुरबाड तालुक्यातील गावे बारवी धरणाच्या वाढत्या पाण्याखाली गेली, आणि ते पाणी कारखान्यांना व शहरांना मिळाले. येथे पाऊसही उदंड पडतो. तरीही कसारा भागातील कित्येक पाड्यांना अलीकडच्या वर्षांपर्यंत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागली आहे. टँकर येतो, विहिरीत पाणी ओततो आणि जातो. मग बायका पोहऱ्याने तेच पाणी पुन्हा वर उपसतात. डोक्यावर दोन हंडे, कडेवर एक कळशी आणि पायांखाली तापलेला मुरूम. त्या घरांतही भांडी अगदी थोड्या पाण्यात घासली जातात, अंगावर तांब्याभरच पाणी घेतले जाते, तांदळाचे धुवण झाडाला घातले जाते. समुद्रावरच्या कुटुंबाने जी शिस्त हौसेने अंगी बाणवली, ती येथल्या बाईला तिच्या आईने शिकवली आणि आईला आजीने. तिची वाखाणणी मात्र कोणी केली नाही.

आणखी एक साम्य पाहा. दिवाळी झाली की आपल्या भागातील पुष्कळ कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात. सारा संसार एका बोचक्यात आणि दोन-चार भांड्यांत मावतो. भट्टीच्या कडेला कच्च्या विटांची व पेंढ्याची झोपडी उभी राहते. नौकेतल्या खोलीहून ती लहानच असते. पावसाळ्याच्या तोंडाशी ती मोडून कुटुंब गावी परतते. ऋतू पाहून निघणे, ऋतू पाहून परतणे, मोजक्या वस्तूंत राहणे, मुलांना बरोबर नेणे, हे सारे त्या नौकावासी कुटुंबासारखेच आहे. तरीसुद्धा एकाच्या जीवनाला आपण स्वातंत्र्य म्हणतो आणि दुसऱ्याच्या जीवनाला स्थलांतर. हा भेद योग्य आहे काय, आणि असल्यास तो नेमका कशात आहे?

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या आरंभीच एक धडा शिकवला जातो. कृतीला नैतिक मोल येते ते तिच्यामागे जाण आणि स्वेच्छा असते म्हणून. या विवेचनात अ‍ॅरिस्टॉटलने समुद्रावरचाच एक दाखला दिला आहे, आणि संत थॉमस अक्वायनस यांनी तो पुढे चालवला आहे. वादळात सापडलेले खलाशी आपला माल समुद्रात फेकून देतात. हे कृत्य स्वेच्छेचे की सक्तीचे? शांत समुद्रावर कोणीही शहाणा माणूस आपला माल बुडवणार नाही. परंतु जीव वाचवण्यासाठी तो आपल्याच हातांनी फेकतो. अशा कृतीत इच्छा आणि सक्ती मिसळलेल्या असतात. प्रेषितांच्या कृत्यांत संत पौलाच्या जहाजावर नेमके हेच घडते. आधी माल, मग जहाजाचे सामान, शेवटी उरलेला गहू, असे एकेक करून सारे समुद्राच्या स्वाधीन होते.

या दाखल्याने आपल्या प्रश्नाची गाठ सुटू लागते. नौकेवर राहावयास गेलेल्या कुटुंबाने माल बुडवलेला नाही. त्याने तो किनाऱ्यावर ठेवला आहे, आणि मनात येईल तेव्हा परत जाऊन ते घेऊ शकते. त्याचे उणेपण निवडलेले आहे. भट्टीवरच्या कुटुंबाचे तसे नाही. पावसाळ्यात घरात दाणा नसताना, आजारपणात, लग्नकार्यात त्याने उचल घेतलेली असते, आणि ती फेडण्यासाठी त्याला जावे लागते. ‘त्यांनी स्वतःच्या मर्जीने पैसे घेतले, स्वतःच्या मर्जीने ते गेले’, असे आपण सहज बोलून जातो. त्यांची मर्जी ही वादळातल्या खलाशाची मर्जी आहे. आणि येथे समुद्राचा दाखला अपुरा पडतो. समुद्रावरचे वादळ कोणी केलेले नसते. पाड्यावरचे वादळ मात्र माणसांनी केलेले आहे. ज्या खोऱ्यातले पाणी शंभर किलोमीटर दूर जाऊ शकते, त्याच खोऱ्यातल्या टेकडीवर ते चढू शकत नाही, याला वारा जबाबदार नाही. सरकारने २०१९ साली ग्रामीण माणसाला नळाने रोज ५५ लिटर पाणी देण्याचे ठरवले, हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु शहराला १३५ आणि खेड्याला ५५ ही दोन मापे एकाच देशाने, शांत बसून, कागदावर लिहिली आहेत, याचाही आपण विचार करावा.

म्हणून आमचे पहिले म्हणणे असे की, लादलेल्या उणेपणाची स्तुती करण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि धर्मगुरूला तर मुळीच नाही. तहानलेल्या पाड्यावर उभे राहून पाणी जपून वापरण्याचे प्रवचन करणे हा त्या माणसांचा अपमान होय. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पिण्याच्या स्वच्छ पाण्याला मूलभूत मानवी हक्क म्हटले आहे. हक्काच्या ठिकाणी सहनशीलतेचा उपदेश चालत नाही.

यावर दोन आक्षेप येऊ शकतात, आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, मग त्या नौकावासीयांच्या साधेपणाला तरी काय किंमत? शिडाची नौका स्वस्त नसते. तिची डागडुजी, दोरखंड, शिडे यांना पैसा लागतो. पोटाची चिंता मिटलेल्या माणसाने खेळलेला तो गरिबीचा खेळ नव्हे काय? दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेने येतो. केवळ स्वेच्छेच्या उणेपणालाच सद्गुण म्हटले, तर ज्यांना निवड करताच आली नाही अशा गरिबांच्या जीवनाला काहीच नैतिक मोल उरणार नाही.

दोन्ही आक्षेपांचे उत्तर आम्हांला समुद्रावरच्याच एका घटनेत मिळाले. २०१८ साली अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ या लहान नौकेवरून जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरले होते. २१ सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरात वादळाने त्यांची नौका उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर इजा होऊन ते फळीवर पडून राहिले. त्याच वादळात त्याच शर्यतीतील आयर्लंडचे ग्रेगर मॅकगकिन यांच्याही नौकेच्या डोलकाठ्या मोडल्या होत्या. त्यांनी हाताशी असलेल्या साहित्यातून कसेबसे शीड उभारले, आणि ते सुरक्षित बंदराकडे न जाता जखमी माणसाच्या दिशेने निघाले. २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ हे फ्रेंच मत्स्यगस्ती जहाज प्रथम पोहोचले आणि त्याने दोघांनाही उचलले. टॉमी पुढे बरे झाले, आणि २०२३ साली त्याच शर्यतीत दुसरे आले.

मॅकगकिन यांची मोडलेली नौका त्या दिवशी छंदाची राहिली नव्हती. जे उणेपण त्यांच्यावर कोसळले ते त्यांनी निवडलेले नव्हते. त्या उणेपणात कोणत्या दिशेने वळावयाचे, एवढेच त्यांच्या हाती होते. सारफथच्या विधवेच्या हातीही तेवढेच होते. तिच्या मडक्यातले मूठभर पीठ आणि कुपीतले थोडेसे तेल हे दुष्काळाने तिच्यावर लादलेले माप होते. त्यातून एलियासाठी आधी भाकर थापणे ही मात्र तिची निवड होती. आपल्या पाड्यांवरही हे दिसते. टँकरच्या विहिरीवर भांडणे होतात, हे खरे. परंतु बाळंतिणीच्या किंवा आजाऱ्याच्या घरचा हंडा आधी भरू दिला जातो, हेही आम्ही पाहिले आहे. दारिद्र्य हा सद्गुण नव्हे, परंतु दारिद्र्यातही स्वातंत्र्याची एक ठिणगी उरते, आणि ती दुसऱ्याकडे वळण्यात दिसते. हे दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर.

पहिल्या आक्षेपाचे उत्तरही यातूनच निघते. निवडलेला साधेपणा स्वतःपाशीच थांबला, तर तो छंदच राहतो. चांगला, निरुपद्रवी, कदाचित आरोग्यदायकही, परंतु छंदच. त्याचे सद्गुणात रूपांतर होते ते त्यातून उरलेले दुसऱ्यापर्यंत पोहोचते तेव्हा. नॉक्स-जॉन्स्टन यांना १९६९ साली पाच हजार पौंडांचे बक्षीस मिळाले. त्याच शर्यतीत उतरलेले डोनाल्ड क्राउहर्स्ट समुद्रावरच नाहीसे झाले होते, आणि मागे त्यांचे कुटुंब निराधार होते. नॉक्स-जॉन्स्टन यांनी बक्षिसाची सारी रक्कम त्या कुटुंबाला दिली. दहा महिने थोडक्यात भागवलेल्या माणसाला किनाऱ्यावर आल्यावर आपल्याला किती नको आहे हे ठाऊक होते, असे आम्हांला वाटते. संत बेसिल यांनी चौथ्या शतकात हेच कठोर शब्दांत सांगितले होते : कोठारात पडून राहिलेले धान्य हे भुकेल्याचे आहे. संत थॉमस अक्वायनस तर म्हणतात की, आत्यंतिक गरजेच्या वेळी जगातील वस्तू सर्वांच्या होतात.

आता आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांकडे वळू. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी नळ आहे, गच्चीवर टाकी आहे. काहींनी या रम्य परिसरात बंगले बांधले आहेत, बोअर खोदली आहे, हिरवळ राखली आहे. यात पाप आहे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु नळ हे मोठे विस्मरणाचे साधन आहे. पाणी कोठून येते आणि ते आपल्याकडे आल्यामुळे कोणाकडे गेले नाही, हे तो कळू देत नाही. नौकेवरच्या माणसाला टाकी दिसते, म्हणून त्याला माप कळते. आपल्याला टाकीही दिसत नाही आणि तिच्या पलीकडची विहीरही दिसत नाही.

प्रायश्चित्तकाळात आपण एक वेळचे जेवण सोडतो, मांस वर्ज्य करतो. या त्यागाची कसोटी एकच असावी : जे वाचले ते कोठे गेले? सोडलेल्या जेवणाचे पैसे घरातच राहिले, तर ती काटकसर झाली, प्रायश्चित्त झाले नाही. त्याचप्रमाणे पाण्याचे. घरातील एका आठवड्याचे पाणी मोजून पाहावे, मुलांनाही मोजू द्यावे. नंतर ज्या पाड्याला उन्हाळ्यात टँकर लागतो तेथे साठवणीच्या टाकीसाठी, विहिरीतील गाळ काढण्यासाठी, पावसाचे पाणी अडवणाऱ्या बंधाऱ्यासाठी आपल्या धर्मग्रामाने हात आणि पैसा द्यावा. पाणीयोजना मंजूर असून रखडली असेल, तर ग्रामसभेत पाड्याच्या बाजूने उभे राहावे. पहिले काम दयेचे आहे, दुसरे न्यायाचे. दुसरे अधिक कठीण जाते, कारण त्यात आपल्या नळाचाही प्रश्न निघतो.

तहानलेल्याला दिलेल्या गार पाण्याच्या एका पेल्याचेही प्रतिफळ बुडणार नाही, असे वचन प्रभूने आपल्याला दिले आहे. आपण ते वाचतो आणि पेला किती लहान, म्हणून निश्चिंत होतो. समुद्रावर राहणाऱ्या माणसाला त्या वचनाचा भार अधिक कळेल. तेथे दुसऱ्याला दिलेला प्रत्येक पेला आपल्याच टाकीतून कमी होतो, आणि देणाऱ्याला ते दिसते. आपल्या देण्यातून आपल्या टाकीतले पाणी खरोखर किती खाली गेले, हे प्रत्येक घराने स्वतःच पाहावे.